बर्फ वितळून राह्यला

मुकुटबनच्या आसपासच्या खेड्यांत दीपमालाला बायका ‘बर्फवाली बाई’ म्हणायच्या, आणि तिला ते नाव मनापासून आवडायचं. तिला दुसरीही नावं होती, फक्त ती कोणी तोंडावर घेत नसे. बर्फवाली म्हटलं की काम कळलं, ओळख पटली, पुढं कोणी खोलात शिरत नाही. प्रकल्पानं दिलेल्या स्कूटीवर पायापाशी निळा डबा, डब्यात बर्फाच्या थैल्या आणि थैल्यांच्या मध्ये रक्ताच्या नळ्यांची जागा. गरोदर बाईच्या दंडाला पट्टा बांधायचा, रक्त काढायचं, नळी बर्फात खोचायची आणि तासाभराच्या आत मुकुटबनला प्रकल्पाच्या खोलीवर पोचवायची. तिथं मारोती नावाचा मुलगा ती नळी मशीनमध्ये घालून गरगर फिरवायचा, वरचं पिवळं पाणी वेगळं काढून गोठवायचा आणि आठवड्याची गाडी आली की नागपूरला धाडून द्यायचा.

हे सगळं कशासाठी, असं बायका विचारायच्याच. प्रकल्पाच्या डॉक्टर मॅडमनी दीपमालाला बसवून समजावलं होतं. भांग-गांजा माणसाच्या डोक्यात ज्या दारानं शिरतो, त्याच दारानं शिरणारं एक द्रव्य आपलं शरीर आपण होऊन बनवत असतं. तुमच्या, माझ्या, सगळ्यांच्याच रक्तात ते थोडंथोडं असतं. बाई गरोदर राहिली की ते खाली उतरतं, महिनोन्‌महिने खालीच राहतं आणि कळा सुरू व्हायच्या सुमारास वर चढतं. मग ते अवेळी चढलं, तर मूलही अवेळी येणार हे आधी ओळखता येईल का, याचा मॅडमना शोध घ्यायचा होता. ज्यांनी हे द्रव्य शोधलं त्यांनी त्याचं नाव आपल्या आनंद या शब्दावरून ठेवलंय, असंही त्या म्हणाल्या. दिवस गेले की बाईच्या अंगातला आनंद कमी होतो, हे समजायला एवढं महागाचं मशीन कशाला पाहिजे, असं दीपमालाच्या मनात आलं होतं. कोणत्याही सासुरवाशिणीनं ते फुकटात सांगितलं असतं. पण ती बोलली नाही. नोकरी नवी होती.

सुरुवातीला तिनं एका बाईला भांग-गांजाचं उदाहरण देऊन सगळं नीट सांगितलं. दुसऱ्या दिवशी गावभर झालं की सरकार पोटुशा बायांच्या रक्तात गांजा शोधून राह्यलं. तेव्हापासून कोणी विचारलं की ती म्हणायची, “लेकरू टायमावर येते का नाही, त्याची तपासणी हाये.” तेवढं पुरायचं.

बर्फाचा तिला आणखी एक उपयोग होता. रक्त काढून झालं की घरातल्या म्हाताऱ्या चहा टाकायच्या आणि चहा उकळेपर्यंत चौकश्या सुरू व्हायच्या. माहेर कुठलं? मारेगाव. मालक काय करतात? पुण्याकडं कंपनीत आहेत. लेकरं किती? या प्रश्नाच्या आधीच दीपमाला उठायची, डबा उचलायची आणि म्हणायची, “चालते माय, बर्फ वितळून राह्यला.” हे इतकं खरं कारण होतं की त्यावर कोणाला काही बोलता येत नसे. कोणाकडं ओटीभरण असलं, बारसं असलं, बायका सतरंजीवर बसलेल्या असल्या आणि तिला पाहून एखादीचा आवाज खाली गेला, की बर्फ लगेच वितळू लागायचा. बोलावलंच नाही असं म्हणायची वेळ तिनं कोणावर येऊ दिली नाही.

खरं सांगायचं तर तिचा नवरा संघदीप चाकणला गेला तो आधी सणावारी यायचा, मग नुसते फोन यायला लागले, मग फोनही थांबले. त्याच्या आधी तिला दोनदा दिवस गेले होते आणि दोन्ही वेळा पोट रिकामं झालं होतं. संघदीपनं तिकडं दुसरं घर केल्याचं कोणीतरी सांगितलं तेव्हा तिनं ऐकून घेतलं आणि संध्याकाळी नेहमीसारखी एका माणसाची भाजी फोडणीला टाकली. एका माणसासाठी भाजी करण्याएवढं उदास काम जगात दुसरं नाही. मंगळसूत्र मात्र तिनं काढलं नाही. काढायला कोणाला तरी काहीतरी सांगावं लागतं, आणि मुकुटबनच्या तिच्या भाड्याच्या खोलीत सांगायला कोणी नव्हतं. रविवारी ती निळा डबा साबणानं धुऊन उन्हात उपडा घालायची आणि तो वाळेपर्यंत त्याच्याजवळ बसून राहायची.

बोरडोहची जिया तिच्या यादीत शेवटी आली आणि दीपमालानं तिला शेवटीच ठेवली. बोरडोह मुकुटबनला सगळ्यात जवळ, त्यामुळं बर्फाच्या हिशोबानंही ते बरोबर होतं. पण खरं कारण ते नव्हतं. फेरी संपताना ज्या घरी जायचं ते घर तिला आवडत होतं. जिया नाकीडोळी नीटस, बोलायला धीट आणि दिवसभर बोलायला माणूस न मिळालेली. तिचा नवरा अब्रार जिनिंगमध्ये मशीन दुरुस्त करायचा. जिनिंगचा धंदा बसला, कारखान्याला कुलूप लागलं, तसा तो आदिलाबादला गॅरेजात राबायला गेला. घरात जिया आणि तिची सासू हजराबी, आणि हजराबी बोलण्यापेक्षा तसबीहचे मणी ओढणाऱ्यांतली.

जियाचं आधीचं मूल सातव्या महिन्यात आलं होतं. एक रात्र जगलं. हे तिनं पहिल्याच भेटीत, दंडाला पट्टा बांधलेला असताना, भिंतीकडं पाहत सांगितलं. दीपमालानं सुई काढली, कापूस दाबला आणि कधी नव्हे ते स्वतःहून म्हणाली, “माये बी दोन गेले.” जियानं तिच्याकडं पाहिलं आणि त्या दिवसापासून ती तिला आपा म्हणायला लागली. सख्ख्या बहिणीला हाक मारावी तशी, पुढं मागं काही न जोडता.

“बैठो ना आपा,” ती दर वेळी म्हणायची.

“बर्फ वितळते व.”

“एक दिवस तुमारा बर्फच फेकून देते मी,” जिया म्हणायची, आणि वर्तमानपत्रात बांधलेली गरम भजी स्कूटीच्या हुकाला अडकवून द्यायची. दीपमाला ती खोलीवर नेऊन खायची. तोवर ती थंड झालेली असत, पण त्या संध्याकाळी भाजी करावी लागत नसे.

सातव्या महिन्याचं रक्त काढायचा दिवस आणि जियाच्या सतवाशाचा दिवस एकच आला. त्या दिवशी फेरीत दुसरं घर नव्हतं. सतवासा म्हणजे सातव्या महिन्यात गोद भरायची. सात सुहागणींनी हिरवी ओढणी पांघरलेल्या पोटुशीच्या पदरात नारळ, खारीक, फळं आणि बांगड्या घालायच्या. दीपमाला दारात आली तेव्हा घर बायकांनी भरलेलं होतं आणि चुलीवर गुळाचा भात शिजत होता. तिनं रिवाजाप्रमाणं मागं पाऊल घेतलं. “मी उद्या येते,” ती म्हणाली.

हजराबीनं तिला थांबवलं. “आज आत्ता काढा बाई रक्त. एकदा गोद भरली की मंग बाळंत होयेपर्यंत आंगाले सुई लागू देत नाही आमच्यात.”

दीपमालानं आतल्या खोलीत नेऊन रक्त काढलं, नळी बर्फात खोचली, डबा बाहेर ओट्यावर कडुनिंबाच्या सावलीत ठेवला आणि जियाला सांगायला परत आत आली. जायला निघालेलीच होती. पण बाहेरच्या खोलीत काहीतरी अडलं होतं. सातवी बाई आलीच नव्हती. कापूस फुटून शेतं पांढरी झालेली, वेचणीला बायका मिळेनात म्हणून शेतवाले घरोघरी टेम्पो पाठवत होते, आणि सातवी सुहागण सकाळीच टेम्पोत बसून निघून गेली होती. दुसरी कोणी गावात उरली नव्हती. होत्या त्या विधवा, नाहीतर शाळेतल्या पोरी.

“आपा हाये ना,” जिया आतून बाहेर येत दीपमालाकडं बघून म्हणाली.

शेजारची चंदाबाई, जी स्वतः सहावी होती, खारका मोजायला लागली. हजराबीची तसबीह बोटांत थांबली. दीपमालाला हे सगळं पाठ होतं. ती दाराकडं वळली आणि म्हणाली, “नाही व. बर्फ वितळून...”

“वितळू दे,” जिया म्हणाली आणि तिनं दीपमालाचं मनगट धरलं. “आज मेरा दिन हाये ना? मंग मी म्हणते त्या बाईनं भरावी.”

हजराबीनं दीपमालाच्या गळ्यातल्या मंगळसूत्राकडं पाहिलं. शेवटी भात करपायला लागला होता आणि वेळ टळत होती. “बसा बाई,” ती म्हणाली.

दीपमाला बसली. सतरंजीवर मांडी घालून, सहा बायकांच्या ओळीत सातवी. तिला हात कुठं ठेवावे हे कळेना. पाळी आली तेव्हा तिनं नारळ उचलून जियाच्या हिरव्या ओढणीत ठेवला, आणि त्याच क्षणी पोटातल्यानं अशी लाथ मारली की नारळ हलला. बायका हसल्या. जियानं तिचा हात ओढून पोटावर दाबला. आतून पुन्हा एक धक्का आला, तळहाताच्या मधोमध. दीपमालानं दुसऱ्या हातानं डोळे पुसले आणि कोणी पाहिलं तर पाहू दे असं आयुष्यात पहिल्यांदा मनात म्हटलं. मग गुळाचा भात आला, गुलगुले आले. चंदाबाईनंसुद्धा तिच्या पानात वाढलं. एकीनं वेचणीवरच्या मुकादमाची नक्कल केली. दीपमाला इतकी हसली की तिला ठसका लागला आणि कोणीतरी तिच्या पाठीवर थापटलं. पंगतीत बसून जेवायला किती वेळ लागतो याचा अंदाज तिला राहिला नव्हता.

ती बाहेर आली तेव्हा कडुनिंबाची सावली ओट्यावरून उतरून अंगणात गेली होती आणि डबा उन्हात होता. झाकण उघडलं तर थैल्यांत नुसतं पाणी होतं आणि नळी त्यांच्यामध्ये आडवी पडली होती. तिनं नळीला बोट लावलं. ती कोमट होती.

मॅडमनी हेही शिकवलं होतं, अगदी पहिल्या दिवशी. रक्त शरीरातून काढलं तरी त्यातल्या पेशी लगेच गप्प बसत नाहीत. नळी गरम राहिली, फिरवायला उशीर झाला, की त्या पेशी ते द्रव्य सोडत राहतात आणि नळीतलं प्रमाण उगीचच चढतं. म्हणून तर बर्फ, म्हणून तर तासाभराची घाई. उशीर झालेली नळी टाकून द्यायची, दुसऱ्यांदा रक्त काढायचं. पण दुसऱ्यांदा कसं काढणार? गोद भरली होती. आता सुई लागू देणार नाहीत. आणि पुन्हा आत जाऊन काय सांगायचं? मी तुमच्यात जेवत बसले म्हणून नळी वाया गेली? ज्या घरानं तिला पहिल्यांदा सतरंजीवर बसवलं, त्या घराच्या दारात उभं राहून हे सांगायला तिची जीभ उचलेना.

“आत्ताच काढलं ना, ताई?” मारोतीनं नळी हातात घेत विचारलं.

“हो,” दीपमाला म्हणाली. “आत्ताच.”

त्या रात्री ती छान झोपली. हे सांगायला हवं, कारण पुढं तिला याचीच सगळ्यात जास्त लाज वाटली.

नागपूरचा निकाल आला तेव्हा मॅडमनी सकाळीच फोन केला. जियाचं प्रमाण चढलेलं होतं, कळा सुरू होताना चढतं तसं. एकट्या आकड्यावर काही ठरत नाही हे मॅडमना माहीत होतं, पण पहिलं मूल सातव्यातच गेलेलं. हयगय करायची त्यांची तयारी नव्हती. “यवतमाळला भरती करू. मी जीप घेऊन निघालेय. तू पुढं जाऊन घरच्यांना सांग,” त्या म्हणाल्या. “घाबरवू नकोस.”

फोन ठेवल्यावर दीपमाला खोलीत उभीच राहिली. बादली भरत होती ती भरून वाहू लागली. मॅडमना तिथल्या तिथं सांगायचं होतं. पण फोनवर तिच्या तोंडून फक्त ‘हो मॅडम’ निघालं होतं, आणि आता जीप निघाली होती.

तिनं बोरडोहला जाऊन कितीही हळू सांगितलं तरी व्हायचं ते झालंच. जियानं दोन्ही हातांनी पोट धरलं आणि खाटेवर आडवी झाली. “वो बी ऐसेच गया था, आपा,” ती म्हणाली. “त्याच्या वक्ताले बी पह्यले काई नव्हतं दुखत. मंग दुखलं.” आणि मग, आधी नव्हतं ते, तिची कंबर खरंच दुखायला लागली. भीतीनं दुखतं, सगळ्यांना माहीत आहे. हजराबी पेटीतून कपडे काढून गाठोडं बांधत होती, सोडत होती, पुन्हा बांधत होती. यवतमाळपर्यंतचा रस्ता म्हणजे खड्डेच खड्डे, आणि पोटातल्याला तेच जास्त वाईट. गावच्या बायका दारात जमल्या.

चंदाबाई हळू बोलली, पण इतकी हळू नाही. “सातवी कोण होती, पाह्यलं ना? मी कायले बोलू तवा.”

दीपमाला चुलीपाशी उभी होती. आता गप्प बसली असती तरी चाललं असतं. यवतमाळला तपासणी झाली असती, सगळं ठीक आहे म्हणून चार दिवसांनी जियाला परत पाठवलं असतं, नळीचं कोणाला कळलं नसतं. नोकरी राहिली असती, डबा राहिला असता. वाईट पायगुणाची म्हणाले असते. ते तिला नवीन नव्हतं. तिनं हा सगळा विचार केला. ती काही देवमाणूस नव्हती. पण खाटेवरची पोरगी मुठी आवळून छताकडं पाहत होती, आणि ओठांनी काहीतरी पुटपुटत होती, आणि ते पुटपुटणं दीपमालानं दोनदा स्वतःच्या तोंडी ऐकलं होतं.

जीप थांबली. मॅडम आत आल्या, जियाजवळ बसल्या, पोटावर हात ठेवला. दीपमाला त्यांच्या मागं जाऊन उभी राहिली.

“मॅडम, ते रक्त गरम झालतं,” ती म्हणाली.

मॅडमनी मान वळवली.

“बर्फाचं पाणी झालतं. डबा उनात होता. मी मारोतीले खोटं सांगतलं, आत्ताच काढलं म्हणून. जियाले काही नाही झालं. तिचं रक्त चांगलं हाये. मी अठी बसली होती. गोद भरली, जेवली, उशीर केला. मी बसली म्हणून झालं हे.”

कुठल्या कुठल्या चुका माणूस एका वाक्यात करतो. दीपमालाला म्हणायचं होतं, दोष नळीचा, माझा, पोटाचा नाही. मॅडमना ते लगेच कळलं. दारातल्या बायकांना मात्र जे कळायचं ते आधीच कळलेलं होतं, आणि आता तर खुद्द तिच्याच तोंडून ऐकायला मिळालं. हजराबीनं गाठोडं खाली ठेवलं. “मी बसली म्हणून झालं,” तिनं शब्द न् शब्द पुन्हा म्हटला, जणू पाठ करत होती. मग बायकांकडं वळून म्हणाली, “ऐकलं ना? खुदच बोलली.”

“तसं नाही, अम्मा,” मॅडम म्हणाल्या. त्यांनी पेशींचं, गरम नळीचं, बर्फाचं सगळं सांगितलं. चांगलं सांगितलं, सोप्या शब्दांत. हजराबीनं मान डोलावून ऐकलं. शिकलेल्या बाईचा मान ठेवावा लागतो. पण दीपमालाकडं तिनं नंतर पाहिलं नाही. जिया तेवढी तिच्याकडं पाहत होती आणि तिच्या मुठी सुटल्या होत्या. “मेरेकू काई नाही झालं?” तिनं विचारलं. “काही नाही,” दीपमाला म्हणाली. जियानं डोळे मिटले आणि रडायला लागली, आणि ते सुटकेचं रडणं होतं. दीपमालाला त्या क्षणी वाटलं, जे जायचं ते जाऊ दे.

मॅडमनी तपासलं, कळा नव्हत्या. बाळंत होईपर्यंत सुई नको हे हजराबीचं म्हणणं होतं, पण या वेळी मॅडमनी ऐकलं नाही. त्यांनी स्वतःच्या हातानं रक्त काढलं, स्वतःच्या बर्फात ठेवलं आणि जीप मुकुटबनला पळवली. निकाल येईपर्यंत घरी निजून राहा म्हणाल्या. निकाल आला तो खालचा होता, जसा असायला हवा तसा.

दीपमालाला त्यांनी प्रकल्पाच्या खोलीवर बोलावून घेतलं. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. “एक नळी गेली त्याचं काही नाही,” त्या म्हणाल्या. “पण तू खोटं सांगितलंस. आता तू आणलेल्या बाकीच्या नळ्यांचं मी काय करू? कोणती थंड होती, कोणती नव्हती, मला कसं कळणार?”

“बाकीच्या थंड होत्या, मॅडम.”

“मला वाटतंच तसं,” मॅडम म्हणाल्या. “पण वाटण्यावर माझं काम चालत नाही.”

तिनं आणलेलं सगळं रक्त त्यांनी बाद केलं. उन्हातान्हात, चिखलात, फेरीमागून फेरी करून, कोणाच्या घरचा चहासुद्धा न पिता आणलेलं. दीपमालानं स्कूटीची चावी टेबलावर ठेवली. डबा ठेवायला वाकली आणि जरा वेळ वाकलेलीच राहिली. मारोती खिडकीतून बाहेर पाहत होता.

मग ती मुकुटबनच्या चौकातल्या औषधाच्या दुकानात कामाला लागली. काउंटरच्या मागं उभं राहायचं, गोळ्या द्यायच्या, सुटे परत करायचे. तिथं कोणी बैठो म्हणत नाही आणि निघायलाही कारण लागत नाही. थंडी सरत आली तेव्हा मारोती खोकल्याचं औषध न्यायला आला आणि जाता जाता म्हणाला, “ताई, बोरडोहची जिया वणीले बाळंत झाली. टायमावर. पोरगा हाये.” दोन पावलं गेला आणि परत आला. “कळांच्या वक्ताचं रक्त बी आलतं. चढलं होतं, जसं पाह्यजे तसं.”

दीपमालानं त्याचे सुटे परत दिले आणि मग पुन्हा मोजून परत दिले. मारोतीनं ते गुपचूप ठेवून घेतले.

रविवारी ती बोरडोहला गेली. स्कूटी नव्हती, म्हणून काळीपिवळी जीपनं फाट्यापर्यंत आणि पुढं चालत. पिशवीत लोकरीचं टोपरं होतं. तिनं दुकानात उभ्या उभ्या विणलेलं. शेतात कापूस संपून नुसत्या पऱ्हाट्या उभ्या होत्या. वाटेत तिनं मनात सगळं जुळवलं होतं. आज घाई नाही. आज कोणी बस म्हणालं तर बसायचं.

हजराबी ओट्यावर गहू निवडत होती. तिला पाहून उठली आणि सूप हातात तसंच धरून दाराच्या मधोमध उभी राहिली. “या बाई,” ती म्हणाली, पण दारातून बाजूला झाली नाही. पाणी आणून दिलं, गुळाचा खडा दिला. हे सगळं ओट्यावरच. दीपमालानं टोपरं काढून दिलं. हजराबीनं ते घेतलं, चांगलं आहे म्हणाली, आणि गव्हाच्या पोत्यावर ठेवलं.

“चाळीस दिवस होऊ द्या बाई,” ती म्हणाली. “तवापर्यंत बाहेरचं कोणी नाही जात आत. बुरा नका मानू.”

“बराबर हाये,” दीपमाला म्हणाली.

तेवढ्यात आतून चंदाबाई तोंड पुसत बाहेर आली. पाळण्याची दोरी ओढून आलेला माणूस ओळखू येतो. तिच्या चेहऱ्यावर ते हसू अजून होतं. दीपमालाला पाहून ते गेलं आणि ती बाजूच्या बोळातून निघून गेली. हजराबी गव्हातले खडे वेचू लागली. मान खाली होती. बाई वाईट नव्हती. एक नातू गमावलेली होती, आणि दुसरा आत होता.

आत पाळणा करकरला. “कौन हाये, अम्मी?” जियाचा आवाज आला, झोपाळलेला.

हजराबीचं बोट गव्हात थांबलं. तिला काय उत्तर द्यायचंय आणि ते द्यायला तिला किती जड जातंय, हे दोन्ही दीपमालाला दिसलं. आयुष्यभर दीपमालानं कोणावर अशी वेळ येऊ दिली नव्हती.

“मी हाये व, जिया,” ती दाराबाहेरूनच म्हणाली, मोठ्यानं. “बर्फवाली. थांबत नाही, बर्फ वितळून राह्यला.”

“हमेशा का हाये तुमचं,” जिया आतून हसली. “अच्छा आपा. फुरसतनं या एक दिवस.”

“येते ना.”

हजराबीनं मान वर केली आणि तिच्या रिकाम्या हातांकडं पाहिलं. दीपमालानं ते पदराखाली घेतले आणि लगबगीनं अंगण ओलांडून चालायला लागली, डबा खरंच कुठंतरी उन्हात राहिला असावा तशी.